दहावीनंतरचा जिना : किती शिकायचं आणि कशासाठी?

(एसएसएलसी आणि पीयूसी झालेल्या मुलामुलींच्या मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



निकाल लागला की आपल्याकडं एकच प्रश्न सुरू होतो. देवळाच्या कट्ट्यावर, बसस्टॉपवर, लग्नाच्या मांडवात. "काय करूलास रे पुढं?" आणि आपण तोंड उघडायच्या आत सल्लाही येतो. एक काका म्हणतात, "डिग्री घे बाबा, डिग्रीशिवाय कोण विचारत नाही." दुसरे म्हणतात, "शिकून काय उपयोग? अमक्याचा पोरगा बीई होऊन घरात बसलाय. त्यापेक्षा उद्यमबागेत चिकट कुठंतरी."

दोघंही खोटं बोलत नाहीत. दोघांनीही डोळ्यांनी पाहिलेलंच सांगितलंय. पण या दोन सल्ल्यांच्या मधे आपली बरीच मुलं हरवतात. म्हणून आज मी थोडा हिशेब घेऊन आलोय.

आधी माझ्या घरचं सांगतो. माझे वडील फौंड्रीत मोल्डर होते. आयुष्यभर वाळूत साचे भरले. आम्ही दोघं भावंडं, ताई मोठी. ताई पीयूसीला कॉमर्समध्ये कॉलेजात दुसरी आली. त्याच वर्षी मी दहावी झालो. पैसे एकाच्याच शिक्षणाचे होते. घरात फार चर्चा झाली नाही. ताई थांबली, मी पुढं गेलो. आज मी जे काही बोलतोय, त्याच्या मुळाशी ती एक संध्याकाळ आहे. तिच्याकडं शेवटी परत येतो.

आता आकडे. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा भारतातल्या रोजगारावरचा अहवाल 2024 मध्ये आला. त्यात 2022 सालची स्थिती दिलीय. ज्यांना लिहिता-वाचता येत नाही अशा तरुणांमध्ये बेरोजगारी होती 3.4 टक्के. पदवीधर तरुणांमध्ये 29.1 टक्के. जवळजवळ नऊपट.

हे ऐकल्यावर दुसरे काका टाळी देतील. "बघ, मी म्हटलं होतं की नाही!" पण जरा थांबा. बेरोजगार कुणाला म्हणतात? जो काम शोधतोय आणि ज्याला मिळत नाही, त्याला. ज्याच्या घरी आज मजुरी केली नाही तर संध्याकाळी चूल पेटत नाही, तो बेरोजगार राहूच शकत नाही. तो मिळेल त्या पैशांत मिळेल ते काम करतो. पदवीधर मात्र वाट बघतो, कारण घरचे थोडे दिवस त्याला सांभाळतात आणि त्याला त्याच्या शिक्षणाजोगं काम हवं असतं. म्हणजे या आकड्यातून शिक्षण निरुपयोगी आहे असं निघत नाही. निघतं ते असं, की नुसत्या पदवीच्या कागदानं नोकरी चालत येत नाही. शिकलेल्यांची संख्या वाढली, त्यांच्याजोगं काम त्या वेगानं वाढलं नाही.

दुसरा हिशेब आणखी जवळचा. आपल्यातली कितीतरी मुलं ॲप्रेंटिस म्हणून कारखान्यात लागतात. ॲप्रेंटिसचे नियम 2019 मध्ये सुधारले, त्यात किमान विद्यावेतन शिक्षणाप्रमाणे ठरवलं. दहावी पास असेल तर महिना 6,000. आयटीआय प्रमाणपत्र असेल तर 7,000. डिप्लोमा असेल तर 8,000. पदवी असेल तर 9,000. दहावी आणि डिग्री यांच्यात किती फरक पडला? 3,000 रुपये. मधे वर्षं किती गेली? सहा. पैसे किती गेले, ते तुमच्या वडिलांना विचारा.

मग शिकायचं कशाला? याचं उत्तर मला पहिल्या पगाराच्या दिवशी मिळालं नाही. सात वर्षांनी मिळालं.

मी आयटीआयला टर्नर केलं आणि मशीन शॉपमध्ये लागलो. माझ्याबरोबर एक डिप्लोमावाला मुलगा लागला. पहिल्या दिवशी त्याला मायक्रोमीटर मीच धरायला शिकवला. दोघांच्या पगारात विशेष अंतर नव्हतं. मला वाटायचं, मी जिंकलो, कमी शिकून तेवढंच कमावतोय. सात वर्षांनी सुपरवायझरची जागा रिकामी झाली. काम मला जास्त येत होतं, हे साहेबांनाही मान्य होतं. पण जागेसाठी किमान डिप्लोमा लागत होता. जागा त्याला मिळाली. साहेब म्हणाले, "तुझ्या हाताबद्दल प्रश्नच नाही, पण कागद नाही." त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

तेव्हा समजलं ते असं. पहिला पगार कौशल्य आणि बाजार ठरवतो. शिक्षण ठरवतं छप्पर, म्हणजे तुम्ही वाढत वाढत कुठपर्यंत जाणार ते. दहावीवर थांबलेल्याचं डोकं लवकर छपराला लागतं. आणि हातात काम नसलेल्या पदवीधराला छप्पर उंच मिळतं, पण चढायला पायरीच सापडत नाही. दोन्ही हवं. ते कोणत्या क्रमानं घ्यायचं, हे मात्र आपल्या घरच्या परिस्थितीवर ठरवता येतं.

आता जिना बघा. दहावीनंतर सरळ रस्ता म्हणजे पीयूसी दोन वर्षं आणि इंजिनिअरिंग चार वर्षं. एकूण सहा. दुसरा रस्ता असा : आयटीआय दोन वर्षं. दोन वर्षांचा आयटीआय झालेल्याला डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश घेता येतो, म्हणजे आणखी दोन. डिप्लोमा झाल्यावर डीसीईटी देऊन इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला जाता येतं, म्हणजे आणखी तीन. एकूण सात. फरक फक्त एका वर्षाचा! जागा मर्यादित असतात, गुण लागतात, हे खरं. पण या रस्त्यावर प्रत्येक पायरीला थांबून कमावता येतं. दोन वर्षं नोकरी करा, पैसे साठवा, पुढची पायरी चढा. घरात अडचण आली तरी हातात काहीतरी पक्कं असतं. सरळ रस्त्यावर तिसऱ्या वर्षाला शिक्षण सुटलं, तर हातात पीयूसीच राहते.

मी नोकरीनंतर डिप्लोमा केला. सत्ताविसाव्या वर्षी सतरा वर्षांच्या पोरांच्या बाकावर बसलो. लाज वाटली, खोटं कशाला सांगू? पण आज इन्स्पेक्शन रिपोर्टवर माझी सही असते.

कर्जाचंही बोलू. शैक्षणिक कर्ज वाईट नसतं. बँका साधारण साडेसात लाखांपर्यंत सरकारी हमी योजनेखाली तारण न घेता कर्ज देऊ शकतात. म्हणून शेत गहाण टाकायच्या किंवा सावकाराकडं जायच्या आधी बँकेत जाऊन विचारा. पण हिशेबही करा. समजा पाच लाख घेतले, दहा टक्के व्याज, सात वर्षांत फेड. महिन्याचा हप्ता 8,300 च्या आसपास येतो. शिकत असतानाचं व्याज त्यात धरलेलंच नाही. आता समजा पहिला पगार 15,000 लागला आणि नोकरी पुण्यात किंवा बेंगळूरला आहे. खोलीभाडं, जेवण आणि हप्ता गेल्यावर काय उरतं, ते कागदावर लिहा. म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका. त्या शाखेतून गेल्या वर्षी किती मुलं कामाला लागली आणि कितीवर लागली, ते तिथल्याच पास झालेल्या मुलांना विचारा.

काहींच्या डोक्यात सैन्य आहे. मराठा सेंटरच्या गावात ते असणारच. अग्निवीर जनरल ड्यूटीसाठी दहावी पुरते. पहिल्या वर्षी महिना 30,000, त्यातले हातात 21,000, बाकीचे सेवा निधीत. चार वर्षांनी निधीचे सुमारे 11.71 लाख मिळतात. पण कायम होणार जास्तीत जास्त चारात एक. म्हणजे चारातले तीन बाविशी-पंचविशीत परत गावी येणार. त्या तिघांत तुम्ही असाल असं धरूनच आजची योजना करा. सेवेत असताना बारावी आणि पुढं पदवी करायची सोय आहे, ती सोडू नका. नाहीतर अकरा लाखांची बुलेट आणि घराचा रंग होतो, आणि पुन्हा तोच प्रश्न, "काय करूलास रे पुढं?"

आता आपल्या भागाचं खास दुखणं. आपण मराठी माध्यमात शिकतो. राज्य सरकारच्या नोकरीच्या परीक्षेत कन्नडचा पेपर सक्तीचा असतो आणि तो पास व्हावाच लागतो. आपली कितीतरी हुशार मुलं तिथं अडतात. आपली मागणी, आपला हक्क, आपली भाषा यांची जागा कुणी घेऊ शकत नाही. पण बाजारात जी कन्नड आपण रोज बोलतो, ती लिहायला शिकलो तर आपली मराठी कमी होत नाही, एक बंद दार उघडतं. इंग्रजीचंही तसंच.

आणि जो हक्क आपल्याला मिळालाय, तो तरी वापरा. महाराष्ट्रातल्या इंजिनिअरिंगच्या प्रवेशप्रक्रियेत वादग्रस्त सीमाभागातल्या मराठी मातृभाषेच्या मुलांसाठी स्वतंत्र वर्ग आहे. रहिवासाचा आणि मातृभाषेचा दाखला लागतो. 865 गावांतल्या किती घरांना हे माहीत आहे? दाखले जूनमध्ये शोधत पळायचं नसतं, आधीच काढून ठेवायचे असतात. त्या वर्षाची माहितीपुस्तिका शेवटच्या पानापर्यंत वाचा.

शेवटी ताई. पीयूसीनंतर घरी बसली, शिवणकाम केलं. मग टॅलीचा तीन महिन्यांचा कोर्स केला आणि एका सोसायटीत क्लार्क म्हणून लागली. लग्न झालं, एक मूल झालं. हिशेबात तिचा हात धरणारं तिथं कुणी नव्हतं, तरी बढतीच्या यादीत नाव यायचं नाही. एकतिसाव्या वर्षी तिनं दूरशिक्षणानं बीकॉमला नाव घातलं. रात्री पोराला झोपवून अभ्यास करायची. पदवी हातात आली आणि दोन वर्षांत ती शाखा व्यवस्थापक झाली. काम तिला आधीपासून येतच होतं. बारा वर्षं गेली ती त्या एका कागदावाचून.

ती मला कधी बोलून दाखवत नाही. पण मला तो हिशेब माहीत आहे. माझं शिक्षण तिच्या बारा वर्षांवर झालंय. मागं उभ्या असलेल्या आई-वडिलांना म्हणूनच हात जोडून सांगतो, पैसे कमी असतील तर दोघांचाही जिना थोडा थोडा बांधा. एकीचा मोडून दुसऱ्याचा बांधू नका.

मुलांनो, आज घरी गेल्यावर एका कागदावर चार ओळी लिहा. मी जे शिकणार आहे त्याला किती वर्षं लागतील? एकूण किती पैसे लागतील? ते संपल्यावर माझ्या हाताला नेमकं कोणतं काम येईल? आणि तिथून पुढं कोणती पायरी उघडी राहील? चारही उत्तरं लिहिता आली, तर आयटीआय असो नाहीतर एमबीबीएस, बिनधास्त जा. चौथ्या ओळीवर अडलात, तर आज मी इथंच आहे, कागद घेऊन या. बसून बोलू.