मालकाचा स्टॉल आणि मुलांचे प्रश्न



महाविद्यालयात भरणाऱ्या रोजगार मेळाव्यात मालकाने आपला स्टॉल कसा मांडावा, या विषयावर कामगार संघटनेच्या माणसाने बोलावे याचे आपल्यापैकी काहींना नवल वाटले असेल. आमच्या सोबत्यांनाही वाटले होते. एका कारखान्याच्या व्यवस्थापनाने आमच्याकडे विचारणा केली, की तंत्रनिकेतनातल्या मेळाव्यात आमचा स्टॉल लागणार आहे, त्याच्या तयारीला आणि तेथे बसायला तुमची दोन माणसे द्याल का? आमच्या सभेत एक जुने फिटर उठले आणि म्हणाले, "अहो, दुकान त्यांचे, आणि गिऱ्हाइकाला हाका आपण मारायच्या?" प्रश्न रास्त होता. तरीही आम्ही होकार दिला. तो का दिला, ते सांगण्यासाठी येथे उभे आहोत.

आमच्याकडे नव्या पोरांच्या तक्रारी येतात त्या कामावर लागल्यानंतर चार-सहा महिन्यांनी. तक्रार उकरीत गेले की बहुधा एकच वाक्य हाती लागते: "मेळाव्यात असे सांगितले नव्हते!" त्या टेबलापाशी पाच मिनिटांत जे कानावर पडते, त्याच्या भरवशावर मुलगा गाव सोडतो, चाकण-रांजणगावकडे खोली घेतो आणि घरी किती पैसे पाठवीन ते आईला सांगून बसतो. तेव्हा त्या पाच मिनिटांत आपण हजर असलेले बरे, असे आम्हांला वाटले.

स्टॉल साधारणपणे कसा असतो ते आपण पाहिलेच असेल. मागे रंगीत फलक, त्यावर हसऱ्या मुलामुलींची चित्रे, टेबलावर फुकट वाटायची पेने आणि किल्ल्यांच्या साखळ्या, आणि मागे बसलेला अधिकारी बहुधा असा, की ज्याच्या सदऱ्याला यंत्राचे तेल कधी लागलेले नाही. या सजावटीशी आमचे भांडण नाही. लग्नघरीही तोरण बांधतातच. भांडण आहे ते फलकावरच्या आकड्याशी.

फलकावर लिहिले होते, 'दरमहा १८,००० रुपये'. आम्ही कागद-पेन्सिल मागितली. मूळ वेतन १२,००० धरले. भविष्यनिर्वाह निधीतला मालकाचा वाटा १२ टक्के, म्हणजे १,४४०. ग्रॅच्युइटीपोटी ४.८१ टक्के, म्हणजे ५७७. कामगार राज्य विम्याचा मालकाचा वाटा सव्वातीन टक्के, सुमारे ५०३. हे सारे त्या १८,००० मध्येच मोजलेले! उरले १५,४८०. त्यातून कामगाराचा स्वतःचा निधी १,४४०, विम्याचे ११६ आणि व्यवसायकराचे २०० गेले, की हातात पडतात १३,७२४. (मुलगी असेल तर इतक्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसायकराचे २०० वाचतात, हेही कोणी सांगत नाही.) शिवाय बस आणि उपाहारगृह यांची कपात निराळी. मालकाचा वाटा कामगाराच्या वेतनातून कापणे कायद्याला मंजूर नाही. म्हणून कापीत कोणी नाही, फक्त फलकावर तो वेतनासारखा मांडतात. निधीचा पैसा कामगाराचाच आहे, तो बुडत नाही, हे खरे. पण स्थायी कामगाराने पाच वर्षे भरण्यापूर्वी नोकरी सोडली, तर ग्रॅच्युइटीचा भाग त्याला सहसा दिसत नाही. आणि खोलीचे भाडे तर पहिल्या महिन्यापासून द्यावे लागते. आम्ही म्हटले, दोन्ही आकडे लिहा, आणि हातात पडणारा मोठ्या अक्षरांत लिहा.

दुसरी गोष्ट जागेच्या नावाची. 'भरती' या एका शब्दाखाली नोकरी, शिकाऊ उमेदवारी आणि ठेकेदाराचे काम अशी तिन्ही खपतात. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा शिकाऊ माणसाला कामगार मानीतच नाही, तो प्रशिक्षणार्थी. त्याला मिळते ते विद्यावेतन. २०१९ च्या नियमांनी पदविकाधारकासाठी ते किमान ८,००० रुपये ठरविले होते. मुदत संपल्यावर नोकरी दिलीच पाहिजे असेही नाही. पण २०१४ च्या दुरुस्तीने एक गोष्ट मालकावर घातली आहे: शिकून झालेल्यांना कामावर घेण्याबाबत त्याने स्वतःचे धोरण ठरविले पाहिजे. मग ते धोरण टेबलावर का ठेवू नये? शिकाऊ उमेदवारीला आमचा विरोध नाही. आमच्यातले कित्येक उत्तम टर्नर त्याच वाटेने आले. मुलाला आपण कोणत्या दारातून आत जातो आहोत हे कळावे, इतकेच. श्रमसंहिता २१ नोव्हेंबर २०२५ रोजी लागू झाल्यापासून प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे मालकाला बंधनकारक आहे. त्याचा एक कोरा नमुनाही आम्ही टेबलावर ठेवावयास लावला.

टेबलाशी कोण बसणार यावर बराच वाद झाला. अखेर तीन वर्षे कामावर असलेला एक मुलगा आणि तपासणी विभागातली एक मुलगी बसली. अट एकच होती, की त्यांची उत्तरे अधिकाऱ्याने मध्येच तोडू नयेत. साखळ्यांऐवजी आम्ही तयार झालेले एक दातेरी चक्र आणि मापे घ्यायचा मायक्रोमीटर ठेवला. पोरांचे हात आपोआप तिकडे वळले. हातात वस्तू आली की मनुष्य बोलू लागतो. मग खरे प्रश्न निघाले. रात्रपाळी आठवड्याने बदलते की महिन्याने? बस कोठपर्यंत येते? एका मुलीने दबक्या आवाजात आमच्या मुलीला विचारले, की खात्यात बायकांसाठी स्वच्छतागृह किती अंतरावर आहे. हा प्रश्न तिने अधिकाऱ्याला कधीच विचारला नसता.

सकाळी गर्दी मात्र शेजारच्या स्टॉलवर होती. तेथे १८,००० होते, आमच्या फलकावर १३,७२४. अधिकारी साहेबांचा चेहरा उतरला. "फलक उलटा करू या का?" त्यांनी विचारले. आम्ही म्हटले, जेवणाच्या सुटीपर्यंत राहू द्या. दुपारी तीच मुले शेजारच्या स्टॉलवर जाऊन विचारू लागली, "साहेब, हातात किती?" तेथल्या गृहस्थांना ते फोन करून विचारावे लागले.

व्यवस्थापनाने आमच्या तीन मागण्या मान्य केल्या: हातात पडणारी रक्कम लिहिणे, शिकाऊ जागा वेगळ्या दाखविणे, आणि ज्याचा अर्ज घेतला त्याला, नकार असला तरी, पंधरा दिवसांत उत्तर पाठविणे. ठेकेदाराच्या नावावरच्या जागा तशा लिहिण्याची चौथी मागणी त्यांनी मान्य केलेली नाही. पुढच्या मेळाव्यासाठी आमची दोन माणसे पुन्हा मागितली आहेत. त्या पत्राला आम्ही अजून उत्तर दिलेले नाही. ठेकेदारीचा तो रकाना फलकावर कोठे बसेल, याचे रेखाटन सोबत जोडून ते पाठविणार आहोत.