'हो' म्हणण्याआधी



आपल्यापैकी कित्येकजण उद्या आखातात, युरोपात नोकरीला जातील. कंपनीचे नियम सर्वांना सारखे असतात; माणसे मात्र आपापले संस्कार घेऊन येतात. डच संशोधक गेर्ट हॉफस्टेड यांनी १९६७ ते १९७३ या काळातील आयबीएम कर्मचाऱ्यांच्या एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या तपासून १९८० साली ग्रंथ लिहिला. कंपनी एकच, तरी वरिष्ठ-कनिष्ठांतील अंतर मान्य करण्याच्या वृत्तीचा निर्देशांक भारताचा ७७, तर नेदरलँड्सचा ३८ निघाला.

याचा अर्थ आपल्यापुरता पाहा. साहेबांनी दिलेल्या मुदतीत काम होणार नाही हे ठाऊक असूनही आपण अदबीने 'हो' म्हणतो. डच साहेब ते वचन समजतो. मुदत टळली की तो आपल्याला खोटे ठरवतो, आपण त्याला उर्मट. हेतू कोणाचाच वाईट नसतो. जपानी सहकाऱ्याचे 'हाय' तर पुष्कळदा 'ऐकले' एवढेच सांगते.

म्हणून अदब सोडू नका. पण अडचण वेळीच सांगा. हे आकडे सरासरीचे आहेत, समोरच्या माणसाचे नव्हेत, हेही विसरू नका. समजले नाही तर विचारा. विचारण्यात कमीपणा नाही. गैरसमजापायी मात्र नोकरी जाऊ शकते.