निवृत्तीचा नारळ



गेल्या दिवाळीत वहीपूजन आटोपल्यावर आम्ही आमच्या पत्नीस शालजोडी व श्रीफळ दिले. 41 वर्षे तिने आमच्या वडिलार्जित किराणा दुकानाची खतावणी लिहिली. 2017 साली वस्तू व सेवा कर आला तेव्हा आम्ही हातपाय गाळले. तिने मात्र चाळशी सावरीत संगणक शिकून घेतला.

नारळ हाती घेऊन ती म्हणाली, "नारळ दिलात खरा, पण नोकरीवर ठेवले होतेत कधी?"

मंडळी हसली. आम्हांस मात्र उत्तर सुचेना. पगार नव्हता, म्हणून निर्वाहनिधी नाही. धंदा एकत्र हिंदू कुटुंबाचा. 2005 च्या दुरुस्तीने मुलीला त्यात जन्मतः हक्क मिळाला. पत्नी कुटुंबाची घटक खरी, पण सहदायाद नव्हे. नवरा व मुले वाटणीस बसली, तरच तिचा वाटा निघावयाचा. आणि वाटणी होऊ नये म्हणून जन्मभर झटली तीच!

आम्ही भागीदारीची गोष्ट काढली. ती म्हणाली, "माझे राहू द्या. गल्ल्यावर आता सूनबाई बसते, तिचे नाव आधी घाला."

करारात दोघींची नावे घातली आहेत. पाटी रंगाऱ्याकडे आहे.