सहलीची शिदोरी आणि मागे उरणारा कचरा

(सुट्टीच्या तोंडावर झालेल्या कुटुंब मेळाव्यातील व्याख्यानाचे शब्दांकन)



परीक्षा संपल्या की आपल्या घरांतून प्रवासाचे बेत आखले जातात. कोणी कोकणात जाईल, कोणी मुलांना घेऊन गड चढेल. तिकिटे, निवास, जेवण या साऱ्यांचा विचार होतो. आपण तिथे मागे काय ठेवून येणार, हा विचार मात्र होत नाही. आज त्याविषयी बोलावयाचे आहे. परंतु सहलीकडे वळण्याआधी घरातल्या टोपलीत डोकावणे भाग आहे, कारण गडावर फेकलेल्या बाटलीचे मूळ घरच्या सवयीतच असते.

आपली घरे स्वच्छ असतात, यात शंका नाही. सकाळी केर निघतो, ओटा धुतला जातो, कचऱ्याची पिशवी दाराबाहेर जाते, आणि तिथे आपल्या लेखी तो विषय संपतो. प्रत्यक्षात तो दुसऱ्याच्या दारी सुरू होतो. पुण्याचा कचरा वर्षानुवर्षे उरुळी देवाची आणि फुरसुंगी या गावांच्या शिवारात पडत राहिला. तेथील विहिरींचे पाणी पिण्याजोगे उरले नाही. एप्रिल २०१७ मध्ये त्या डेपोला आग लागली आणि ग्रामस्थांनी गाड्या अडवल्या. सुमारे तीन आठवडे शहरात कचरा तुंबला, तेव्हा कुठे अनेकांना ही गावे ठाऊक झाली. मुंबईचा देवनार डेपो तर १९२७ पासूनचा. जानेवारी २०१६ मध्ये तो पेटला, धूर वस्त्यांवर पसरला आणि परिसरातील शाळा बंद ठेवाव्या लागल्या.

कचऱ्याचे डोंगर पेटतात कसे? भाजीचे देठ, साली, उरलेला भात हे सारे ढिगाखाली दाबले गेले की हवेवाचून कुजते आणि त्यातून मिथेन हा ज्वालाग्राही वायू निघतो. तळातून झिरपणारे काळे पाणी जमिनीत उतरते. हेच देठ आणि हीच साल गच्चीवरच्या भोके पाडलेल्या पिंपात, वाळक्या पाल्याच्या थरांवर पडली, तर दोन-तीन महिन्यांत काळीभोर माती हाती येते. घाण वास आला तर समजावे की ओल अधिक झाली. आणखी पाला घालावा आणि ढवळावे. करवंट्या आणि आंब्याच्या कोयी लवकर कुजत नाहीत, त्या वेगळ्या ठेवाव्यात. यापलीकडे त्यात मोठे शास्त्र नाही. आणि हे काम घरातील स्त्रीच्याच गळ्यात पडावे असाही नियम नाही. पुरुषांनी पिंप ढवळल्याने काही बिघडत नाही.

ओले वेगळे झाले की कोरडे आपोआप स्वच्छ राहते. आमटीने माखलेला कागद कोणी विकत घेत नाही. पुण्यात १९९३ साली ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ उभी राहिली, ती अशा कचऱ्यातून वस्तू वेचून पोट भरणाऱ्यांची. त्यांत बहुसंख्य स्त्रिया. आपण एकत्र कोंबलेली पिशवी कोणीतरी भगिनी हाताने विलग करते. फुटलेली काच कागदात गुंडाळून, वर खूण करून द्यावी, एवढी जाणीव तरी असावी.

परंतु वर्गीकरण हा उत्तरार्ध झाला. कचरा निर्माण होतो तो खरेदीच्या वेळी. २६ जुलै २००५ च्या प्रलयात सांताक्रूझला ९४४ मिलिमीटर पाऊस झाला, गटारे तुंबली आणि पिशव्यांकडे सर्वांचे लक्ष गेले. २००६ मध्ये राज्याने पन्नास मायक्रॉनहून पातळ पिशव्यांना मनाई केली, मार्च २०१८ मध्ये अधिक व्यापक बंदी आली, जुलै २०२२ पासून देशभर एकदाच वापरावयाच्या कित्येक प्लास्टिक वस्तूंवर बंदी आली. तरी मंडईत आपण हात हलवीत जातो आणि भाजीवाल्याकडे पिशवी मागतो. तो नाही म्हणाला तर शेजारच्याकडे जातो! घरी कापडी पिशव्यांची वाण नाही; प्रत्येक लग्नात एक मिळते. वाण आहे ती बाहेर पडताना ती खिशात घालण्याची.

शिबिरात आपण आपले ताट-वाटी घेऊन जातो, जेवल्यावर स्वतः धुतो. तोच कार्यकर्ता घरच्या बारशाला कागदी म्हणवणाऱ्या ताटल्या मागवतो, तेव्हा शिस्त कुठे जाते? त्या ताटल्यांवर आणि चहाच्या कागदी पेल्यांत आतून बहुधा प्लास्टिकचा पातळ थर असतो. वेफर्सच्या चकचकीत पुड्यांचेही तसेच. प्लास्टिक आणि धातूचा मुलामा असे एकजीव झालेले असतात की भंगारवाला त्यांना हात लावीत नाही.

आता सहल. शहरात निदान घंटागाडी येते. गडावर ती कशी येणार? २०२५ च्या जुलैमध्ये युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून नोंदवलेल्या बारा किल्ल्यांत राजगड आहे. तिथे माथ्यापर्यंत रस्ता नाही. वर गेलेली प्रत्येक वस्तू माणसाच्या पाठीवरून गेलेली असते आणि पाठीवरूनच खाली यावी लागते. शिवरायांच्या काळची टाकी पाहताना आपली मान ताठ होते आणि त्याच टाक्यात बाटल्या तरंगतात. मंडणगड तालुक्यातील वेळासच्या किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले कासवांची पिले समुद्रात जाताना पाहण्यासाठी पर्यटक येतात. आपल्या वेष्टनांचा भार मात्र त्या लहानशा ग्रामपंचायतीवर पडतो.

पूर्वी प्रवासाला फिरकीचा तांब्या आणि फडक्यात बांधलेली शिदोरी असे. दशम्या, चटणी, तिखटमिठाच्या पुऱ्या दोन दिवस सहज टिकतात. पाण्याविषयी भीती रास्त आहे, म्हणून पाणी उकळून स्टीलच्या बाटल्यांत न्यावे आणि मुक्कामाची खोली ठरवतानाच दूरध्वनीवर विचारावे, “पिण्याचे गाळलेले पाणी भरून मिळेल ना?” चार पाहुण्यांनी विचारले की यजमान तशी सोय करतो. हॉटेलातील चिमुकल्या साबणाच्या वड्या आणि शाम्पूच्या पुड्या न फोडता तशाच ठेवाव्यात. साबण घरचा न्यावा.

गड चढताना प्रत्येकाच्या पाठपिशवीला एक रिकामी पिशवी बांधलेली असावी, मुलांच्याही. आणि राजगडाहून उतरल्यावर ती भरलेली पिशवी पायथ्याच्या गुंजवण्यात ठेवून येऊ नये. ती घरी आणावी. आपल्या गल्लीत कचऱ्याची गाडी रोज येते. पायथ्याच्या गावात ती रोज येईलच असे नाही.