एका रेडिओवाल्या बाईंची कहाणी

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



कार्यकारिणीने मला विषय दिला आहे 'कर्तबगार स्त्रिया'. नावांची लांबलचक यादी ऐकण्यात तुम्हांला गोडी वाटणार नाही आणि वाचण्यात मलाही नाही. म्हणून एकीचीच हकीकत सांगते. बाईंचे नाव कॅथी ह्यूझ. राहणार अमेरिका, धंदा रेडिओचा.

मागे मी वॉशिंग्टनजवळ भाचीकडे राहावयास गेले होते. तिच्या मोटारीत जुन्या गाण्यांचे एक स्टेशन सदा लागलेले असे. कोणाचे ग हे, म्हणून विचारले, तर म्हणाली, "मावशी, एका बाईंनी काढलेल्या कंपनीचे." मला नवल वाटले. आपल्या पिढीला रेडिओ म्हणजे आकाशवाणी, म्हणजे सरकार. दुपारची जेवणे उरकली की 'वनिता मंडळ' ऐकावयाचे, एवढाच आपला संबंध. खासगी एफ. एम. स्टेशने आपल्याकडे आली ती २००१ पासून. अमेरिकेत मात्र फार पूर्वीपासून बहुतेक स्टेशने खासगी, जाहिरातींच्या उत्पन्नावर चालणारी. तेथे तबकड्या लावून मधून मधून बोलणारा जो असतो त्याला डिस्क जॉकी म्हणतात. आवाज त्याचा, स्टेशन दुसऱ्याचे. अमीन सयानींचेच पाहा ना! १९५२ पासून त्यांच्या आवाजाने घराघरांत माणसे खिळवून ठेवली. पण स्टेशन होते रेडिओ सिलोनचे आणि 'गीतमाला' होती दातांच्या पेस्टवाल्यांची.

कॅथीबाईंचा जन्म १९४७ सालचा, नेब्रास्कातील ओमाहा शहरी, कृष्णवर्णीय कुटुंबात. त्यांची आई हेलन जोन्स वुड्स मोठी वादक होती. ट्रॉम्बोन नावाचे पितळी वाद्य ती 'इंटरनॅशनल स्वीटहार्ट्स ऑफ ऱ्हिदम' या बायकांच्या वाद्यवृंदात वाजवी. पुढे ओमाहाच्या सिंफनी वाद्यवृंदात तिला जागा मिळाली. पहिला कार्यक्रम झाला, आणि तिला न्यावयास तिचे वडील आले. त्यांचा वर्ण तिच्याहून काळा. ते पाहताच तिला कामावरून काढून टाकण्यात आले. बाईने ते वाद्य खाली ठेवले आणि पुढे वर्षानुवर्षे परिचारिकेचे काम केले. हे मी जरा सविस्तर सांगितले, कारण लेकीने पुढे जे केले ते याच घरातून आलेले आहे. हाती कला असली, तरी सभागृहाचे दार उघडणारा दुसराच असतो, हे त्या घरात कोणी शिकवावे लागले नसेल.

लहानपणी कॅथी न्हाणीघर अडवून बसे आणि दातांचा ब्रश मायक्रोफोनसारखा तोंडापुढे धरून बातम्या देई, असे त्या सांगतात. सोळाव्या वर्षी दिवस राहिले. सतराव्या वर्षी मांडीवर मूल. त्या काळी अशा मुलीचे पुढे काही होईल असे कोणी म्हटले नसते. तिने मात्र मुलाला घेऊन शिक्षण चालू ठेवले, पदवी हाती आली नाही ती नाहीच. १९६९ मध्ये ओमाहाच्या के. ओ. डब्ल्यू. एच. या स्टेशनात शिरून तिने पडेल ते काम केले आणि १९७१ मध्ये वॉशिंग्टनला हॉवर्ड विद्यापीठात आली.

विद्यापीठाचे स्वतःचे रेडिओ स्टेशन होते, डब्ल्यू. एच. यू. आर. १९७३ मध्ये बाई तेथे गेल्या त्या जाहिरातींच्या विक्रीच्या खात्यावर. भगिनींनो, पुष्कळांना हवा असतो तो मायक्रोफोन. वहीखाते कोणाला नको असते. आपल्या मंडळाचेच पाहा, सूत्रसंचालनाला चार हात वर होतात आणि खजिनदार शोधावी लागते! बाईंनी खाते हाती घेतले. स्टेशनचे उत्पन्न अडीच लाख डॉलर होते, ते अल्पावधीत ३० लाखांवर नेले. १९७५ मध्ये त्या तेथल्या व्यवस्थापिका झाल्या.

१९७६ मधली गोष्ट. मेल्विन लिंडसे नावाचा एक विद्यार्थी तेथे उमेदवारी करीत होता. नेहमीचा जॉकी आला नाही म्हणून हा मुलगा घरच्या तबकड्या घेऊन बसला आणि रात्री एकामागून एक संथ प्रेमगीते लावली. बाईंनी ओळखले की या शहरात शिकलेल्या, नोकरी करणाऱ्या, एकट्या राहणाऱ्या बायका पुष्कळ आहेत. रात्री घरी परतल्यावर त्यांना हेच हवे आहे. त्यातून 'क्वाएट स्टॉर्म' हा कार्यक्रम निघाला. पुढे देशभरच्या स्टेशनांनी ती तऱ्हा उचलली. कल्पना यांची, मिळकत त्या त्या मालकांची.

मग बाईंनी स्वतःचे स्टेशन घ्यावयाचे ठरविले. यजमानांबरोबर कंपनी काढली, तिचे नाव रेडिओ वन. वॉशिंग्टनचे डब्ल्यू. ओ. एल. विकावयाचे होते. कर्जासाठी बत्तीस ठिकाणी गेल्या, बत्तीस ठिकाणी नकार. तेहतिसाव्या ठिकाणी समोर अधिकारी म्हणून एक बाई बसली होती. तिने होकार दिला. ही हकीकत त्या स्वतःच सांगतात. १९८० मध्ये स्टेशन हाती आले.

आता मालकीचे सुख ऐका. थोड्याच दिवसांत पतिपत्नी विभक्त झाली आणि यजमानांचा हिस्साही बाईंनी घेतला. हप्ते थकले. घर गेले, मोटार गेली. बाई मुलाला घेऊन स्टेशनातच राहावयास आल्या. झोपण्यास पथारी, स्वयंपाकाला एक विजेची शेगडी, अंघोळ तेथल्याच मोरीत. सावकारांचे म्हणणे, नुसती चर्चा कोण ऐकतो, गाणी लावा. बाईंना तर लोकांशी बोलणारे स्टेशन हवे होते. अखेर तडजोड अशी झाली की सकाळी चर्चा चालेल, पण त्यासाठी पगारी माणूस ठेवावयाचा नाही. तेव्हा बाई स्वतः मायक्रोफोनपुढे बसल्या. पैसा वाचविण्यासाठी सुरू केलेला तो कार्यक्रम शहरभर ऐकला जाऊ लागला.

१९८६ मध्ये 'वॉशिंग्टन पोस्ट'ने रविवारचे नवे नियतकालिक काढले. त्याच्या पहिल्याच अंकात कृष्णवर्णीयांचे जे चित्र रंगविले होते त्याने लोक संतापले. बाईंनी रेडिओवरून हाक दिली, अंक परत करा. हजारो प्रती पत्राच्या दारात येऊन पडू लागल्या. काही आठवडे हे चालले, आणि शेवटी पत्राचे प्रकाशक बाईंच्या कार्यक्रमात आले व त्यांनी दिलगिरी व्यक्त केली. ज्या रेडिओचा मालक दुसरा, त्यावर ही हाक किती दिवस चालू दिली असती?

पुढचे भराभर सांगते. १९८७ मध्ये ७५ लाख डॉलरना दुसरे स्टेशन घेतले. भाचीच्या मोटारीत मी ऐकले ते हेच. १९९६ च्या कायद्याने एका कंपनीने देशभर किती स्टेशने ठेवावीत यावरची मर्यादा उठविली. १९९९ मध्ये रेडिओ वनचे भाग शेअरबाजारात आले. अशा कंपनीच्या अध्यक्षपदी बसलेल्या कॅथीबाई पहिल्या कृष्णवर्णीय स्त्री. २००० मध्ये एकाच व्यवहारात बारा स्टेशने घेतली, किंमत सुमारे १३० कोटी डॉलर. २००४ मध्ये दूरदर्शनवाहिनी काढली. स्टेशनात पथारीवर झोपणारा तो मुलगा आल्फ्रेड कंपनीचा मुख्याधिकारी झाला. २०१७ मध्ये कंपनीचे नाव बदलून अर्बन वन झाले.

मला यातले सारेच पटते असे नाही. १९९६ च्या कायद्यानंतर कितीतरी लहान मालकांनी स्टेशने विकली, गावोगावचे आवाज कमी झाले, आणि मोठे होणाऱ्यांत बाईंची कंपनीही होती. शेअरबाजारात गेले की भागधारकांना जबाब द्यावा लागतो, मग सकाळच्या चर्चेला तोट्यात कोण चालवील? यावर चहाच्या वेळी माझ्याशी कोणी भांडावयास आले तर आनंदच आहे.

एक सांगावयाचे राहिलेच. ज्या हॉवर्ड विद्यापीठात बाईंनी जाहिराती विकल्या, त्याने २०१६ मध्ये आपल्या संज्ञापन विद्यालयाला, पदवी नसलेल्या या बाईंचे नाव दिले. आई हेलन तेव्हा हयात होत्या. त्या २०२० मध्ये, ९६ व्या वर्षी, कोरोनाने गेल्या.

चिटणीसबाई घड्याळ दाखवीत आहेत आणि पडद्यामागे मुली नाचाच्या पोशाखात ताटकळल्या आहेत. तेव्हा मी थांबते.