गाडी पाणी पीत नाही
(स्कूल व्हॅन चालवणाऱ्या महिलांच्या शिबिरात केलेलं भाषण)



मी इंजिनिअर नाही. तुमच्यासारखीच शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. २०१४ साली माझ्या व्हॅनचं पाणी कमी व्हायला लागलं. रोज सकाळी बाटलीभर घालावं लागे. गॅरेजवाल्याला विचारलं, तर म्हणाला, “ताई, जुनी गाडी आहे, पाणी पिणारच. मिस्टरांना पाठवा, त्यांना सांगतो.” आमच्या मिस्टरांना सायकलची चेनसुद्धा बसवता येत नाही! पण मी गप्प बसले. सहा महिन्यांनी एका चढावर काटा लाल पट्ट्यात गेला, वाफ उसळली. मागे मुलं. त्यांना उतरवून कडेला उभं केलं तेव्हा माझे पाय लटपटत होते. इंजिनाचं हेड वाकलं, दोन महिन्यांची कमाई गेली.

मग दुसऱ्या एका मिस्त्रीशेजारी बसून मी सगळं समजून घेतलं.

पेट्रोल जळताना आतली उष्णता दोन हजार अंशांच्या वर जाते. हेड बहुधा अॅल्युमिनियमचं, ते साधारण ६६० अंशांना वितळतं. तरी ते टिकतं, कारण भोवतीच्या पोकळीतून पाणी सतत धावत असतं. त्याला धाववतो वॉटर पंप. पट्ट्यावर फिरणारं एक पात्यांचं चाक, बस. ते पाणी मधून ओढतं आणि कडेला फेकतं. पाणी सिलिंडरभोवती फिरून हेडमध्ये जातं, तिथून रेडिएटरमध्ये, आणि थंड होऊन पुन्हा पंपाकडे येतं. वाटेत थर्मोस्टॅट नावाचं दार आहे. इंजिन थंड असताना ते रेडिएटरची वाट बंद ठेवतं. पाणी ८२ ते ९० अंशांच्या आसपास तापलं, की त्यातलं मेण वितळून फुगतं आणि दार उघडतं. काही मिस्त्री तो काढूनच टाकतात. काढू देऊ नका, इंजिन नीट तापत नाही आणि पेट्रोल जास्त लागतं.

आता बघा, ही वाट बंदिस्त आहे. पाणी त्यात खर्च होत नाही. पुन्हा पुन्हा कमी होत असेल, तर ते कुठेतरी जातंय, आणि कुठे जातंय हे विचारायचा आपल्याला हक्क आहे. पंपाच्या दांड्याला सील असतं. ते झिजलं की पाणी बेअरिंगमध्ये शिरू नये, म्हणून एक बारीक भोक मुद्दाम ठेवलेलं असतं. तिथून थेंब पडतात. माझ्या पंपाखाली सहा महिन्यांचे ओघळ वाळले होते! पाइप, रेडिएटरही बघावेत. ऑइल दुधाळ चहासारखं दिसलं, तर हेड गॅसकेटची शंका घ्यावी.

पाणी फार कमी झालं तर काट्यावरही विसंबू नका. काटा पाण्याची उष्णता सांगतो. पाणीच नसेल तर तो खाली येऊन फसवू शकतो.

आणि गरम गाडीचं झाकण कधीही उघडू नका. आतल्या दाबामुळे पाणी शंभरच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण सैल होताच उसळून तोंडावर येतं. तापल्या इंजिनात गार पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

जेवणानंतर बाहेरच्या दोन व्हॅन आपण उघडून बघू. सकाळपासून उभ्या आहेत, थंड आहेत. पदर, ओढण्या खोचून या. आणि हात घालण्याआधी किल्ली काढून घ्या. काही गाड्यांचा विजेचा पंखा इंजिन बंद असतानाही अचानक फिरू लागतो.