एकाच टेबलावरचा चहा

आठ-नऊ वर्षांचा असताना मी अब्बांबरोबर परभणी स्टेशनजवळच्या एका जुन्या हॉटेलात पहिल्यांदा गेलो. सोबत अब्बांचे दोस्त होते. आम्ही त्यांना मामा म्हणायचो. आमच्या खेड्यातल्या हॉटेलात मामांची कपबशी वेगळी, वळचणीला ठेवलेली असे. चहा पिऊन ती त्यांनीच विसळून ठेवायची.

इथे मात्र संगमरवरी टेबलं, गोल पाठीच्या काळपट लाकडी खुर्च्या, भिंतीवर मोठे आरसे. गल्ल्यावर मक्का-मदिनेची तसबीर, शेजारी साईबाबा आणि लक्ष्मी. उदबत्ती तिघांना मिळून एकच! मामा दारातच थबकले. अब्बा म्हणाले, "बस की, इथं कोण विचारतंय?" पोऱ्याने तीन सारख्या कपबशा आणून ठेवल्या. मामांनी चहा अगदी सावकाश संपवला.

पुढे मुंबईला गेलो, तेव्हा या हॉटेलचं आजोळ सापडलं. धोबी तलावचं १९०४ सालचं कयानी, बॅलार्ड इस्टेटमधलं १९२३ सालचं ब्रिटानिया. इराणातल्या यझ्द, केरमानकडून आलेल्या माणसांनी असे कॅफे थाटले. त्यांत जरथुस्त्री होते, तसे मुसलमानही. गोल पाठीच्या खुर्चीचा घाट व्हिएन्नाच्या थोनेट कारखान्याचा, १८५९ सालचा. बीच लाकूड वाफेवर वाकवायचं. सहा तुकडे, दहा स्क्रू. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटर खोक्यात मावत, म्हणून ती जगभर पोचली. आरशांमुळे जागा ऐसपैस दिसे आणि गल्ल्यावरून मालकाची नजरही सगळीकडे फिरे. ब्रिटानियात तर गांधीजी आणि राणी एलिझाबेथ, दोघांच्याही तसबिरी! आपण संस्कृतींचा संगम साधतोय, असं यांतल्या कुणाच्या मनातही नसेल. येईल त्या गिऱ्हाइकाला बसवायचं होतं, एवढंच.

गेल्या वर्षी मुलाने मला एका नव्या हॉटेलात नेलं. दाराला राजस्थानी झरोका, आत मोगली कमान, कोपऱ्यात केरळी समई, भिंतीवर वारली चित्र. डोळ्यांना बरं वाटलं. वारली चित्र म्हणजे लग्नघरच्या गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाने रेखलेलं. मी वेटरला विचारलं, "हे काढायला कोण आलं होतं?" तो म्हणाला, "स्टिकर आहे साहेब, प्रिंट मारून आणलंय."

राग आला नाही, पण चहा गोड लागेना. चित्र आलं; ते काढणारा हात काही त्या दारातून आत आला नाही. मुलाला मी मामांची गोष्ट सांगितली.

हॉटेल सजवणाऱ्या मंडळींना माझं एवढंच सांगणं आहे: भिंतीवर वारली हवी असेल तर वारली कलाकाराला बोलवा, त्याच्या कामाचे पैसे द्या. आणि काम झाल्यावर त्याला त्याच भिंतीखालच्या टेबलावर बसवून जेवू घाला.